गुडघ्यांना बसवून ठेवू नका, ताई

पत्र थोडक्यात असं आहे:

“मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ५३. घरची चार एकर शेती, कापूस आणि ज्वारी. दोन वर्षांपासून गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेले असतात, मग मोकळे होतात. घराच्या धाब्यावरून (गच्चीवरून) खाली उतरताना फार त्रास होतो. उठता-बसता कटकट वाजतात. दिवाळीआधी एक्स-रे काढला. ‘दुसऱ्या पायरीची झीज आहे, आता आराम करा, खाली बसू नका’, असं सांगितलं. तेव्हापासून वेचणीला गेले नाही. घरातही कोणी हलू देत नाही. पण दुखणं वाढलंच, आणि वजन ७४ चं ७८ किलो झालं. नणंदेने बाजारातून कुण्या वैदूची पावडर आणून दिली, दीड महिना घेते आहे, तिने मात्र आठ दिवसांत बरं वाटलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरचे म्हणतात वांगं, दही, भात सोड, वातूळ असतं. मुलगा सुरतेला आहे, तो म्हणतो ऑपरेशन करून टाकू. मला चैत्रात पायी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन नवस फेडायचा आहे. रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालावं लागतं. चालले तर गुडघे आणखी झिजतील का?”

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नात सगळ्याच प्रश्नांचं मूळ आहे, त्याकडे येतेच. पण आधी पावडर, कारण ती थांबून चालणारी गोष्ट नाही.

दोन वर्षांचं दुखणं जी पुडी आठ दिवसांत पळवून लावते, तिच्यात काय आहे ते विचारलंच पाहिजे. नाव नाही, लेबल नाही, अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांचा चुरा मिसळलेला सापडतो, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा नोंदवलेलं आहे. स्टेरॉइडने दुखणं झटकन दबतं, भूक वाढते, चेहरा गोल दिसू लागतो, बरं वाटतं. आत मात्र साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं पोकळ होत जातात. तुमचं वजन चार किलोने वाढलं त्यात बसून राहण्याइतकाच या पुडीचाही हात असू शकतो.

आता नीट वाचा. ती पावडर आज रागाने उकिरड्यावर फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. दीड महिन्यानंतर ते एकदम तोडलं तर त्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. चक्कर, उलट्या, गळून जाणं, रक्तदाब एकदम खाली येणं, असं होऊ शकतं. म्हणून दोन दिवसांच्या आत पुडी हातात घेऊन एमडी डॉक्टरांकडे जा. किती दिवस घेतली, दिवसातून किती वेळा, सगळं सांगा. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात उलट्या, चक्कर किंवा भलती सुस्ती आली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि दारातच सांगा की अशी पावडर चालू होती. नणंदबाईंवर रागावू नका. त्यांनी मायेने आणली. पण त्या स्वतः घेत असतील तर त्यांनाही बरोबर न्या.

झालं. आता गुडघ्यांकडे येऊ.

‘झीज’ या शब्दाने फार नुकसान केलं आहे असं मला वाटतं. धुळ्यात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. हा शब्द ऐकून आलेल्या बाईचा चेहरा मी लांबूनच ओळखते. झीज म्हटलं की डोळ्यांपुढे विळ्याची धार येते, जात्याची पाळ येते: वापरलं की झिजणार, न वापरलं तर टिकणार. मग माणूस गुडघा जपायला लागतो. बसतो. घरचेही बसवतात.

गुडघा तसा नाही. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि तेही गुडघ्यावर भार पडून सुटला की. तुमच्याकडे ठिबकची जोडणी बघितली असेलच. पाण्याची टाकी भरलेली आहे, नळ्या अंथरलेल्या आहेत, पण पंप चालू केला नाही तर मुळापर्यंत थेंबही पोचत नाही. गुडघ्याचा पंप म्हणजे चालणं. शिवाय झिजतं त्याची डागडुजी शरीर थोडीफार करतच असतं. सांधा हा जिवंत भाग आहे, जातं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चालताना जो दणका बसतो तो सगळा हाडाने झेलायचा नसतो. मांडीचा पुढचा स्नायू तो झेलतो, गाडीचं शॉकअप झेलतं तसा. तुम्ही दोन महिने बसलात, त्या स्नायूची ताकद उतरली. शॉकअप बसलं आणि वर गाडीतला माल चार किलोने वाढला. दुखणं वाढलं ते यामुळे. गुडघा दोन महिन्यांत आणखी झिजला म्हणून नव्हे.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी घरात पाहिलं आहे. माझी आई शिरपूरची. तिचे गुडघे धरायला लागले तेव्हा मी कॉलेजात होते. “गुडघा दुखस वं माय,” एवढं ती म्हणाली की आम्ही तिघी बहिणी तिला उठूच द्यायचो नाही. पाण्याचा तांब्या हातात, ताट हातात, अंघोळीचं पाणीसुद्धा खाटेजवळ. दोन वर्षांत तिच्या मांड्या हाताच्या ओंजळीत मावतील इतक्या बारीक झाल्या. मग न्हाणीपर्यंत जायलाही तिला दोघींचे खांदे लागायचे. आज कळतं की तिचा गुडघा तुमच्याइतकाच झिजलेला होता. गेली ती मांडीतली ताकद, आणि ती आम्ही आमच्या हातांनी घालवली. म्हणून तुमच्या घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा. तुम्हाला उठू देणं हीच सेवा आहे.

एक्स-रेबद्दल थोडंसं. ‘दुसरी पायरी’ ऐकून तुम्ही घाबरलात. ही मोजपट्टी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. ती शून्यापासून चारपर्यंत जाते. दोन म्हणजे हाडाच्या कडेला बारीक टोकं निघालेली स्पष्ट दिसतात आणि सांध्यातली फट कदाचित थोडी कमी झालेली असते. म्हणजे सुरुवात आहे. आणि एक्स-रे आणि दुखणं यांचं नातं फार सैल आहे. चौथ्या पायरीचे गुडघे घेऊन शेतात राबणारे लोक माझ्याकडे येतात, दुसऱ्या पायरीवर रडणारेही येतात. फोटो पुन्हा पुन्हा काढून काही हाती लागत नाही. एमआरआयची तर आत्ता गरजच नाही. कटकट वाजण्याचंही मनावर घेऊ नका. आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल तर तो नुसता आवाज आहे.

तुम्ही लिहिलेली लक्षणं झिजेच्या संधिवाताशीच जुळतात: वय, सकाळचं दहा-पंधरा मिनिटांचं आखडणं, उतरताना दुखणं. आखडणं अर्ध्या तासाच्या वर जायला लागलं, किंवा हाताच्या बोटांचे सांधेही सुजायला लागले, तर तो वेगळा, आमवाताच्या जातीचा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी, आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, पोटरी एकाच पायाची सुजली, किंवा पाय टेकवताच येईना, तर व्यायाम-बियाम सोडून सरळ डॉक्टर. अमळनेरहून धुळे जवळ आहे. तिथल्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. रेल्वेने जळगावला जायचं तर तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता कामाचं. व्यायाम. वेदनेच्या गोळ्यांइतकाच गुणकारी, आणि पोटाला-मूत्रपिंडाला काही न करणारा असा हा एकच उपाय आहे. तरी तोच सगळ्यात कमी केला जातो, कारण तो कागदावर लिहून मेडिकलमधून आणता येत नाही.

सकाळी उठल्या उठल्या खाटेवरून उतरू नका. पाय लांब करून बसा, उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. आता गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा. मांडीचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट झाला पाहिजे. हात लावून बघा. मनात पाच मोजा, सोडा. दहा वेळा. मग डावा. एवढं केल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. आठवडाभरात तुम्हाला जाणवेल की पहिली पावलं तितकी जड जात नाहीत.

मग पाठीवर झोपा. डावा गुडघा दुमडून पाऊल खाटेवर टेकवा, उजवा पाय ताठ ठेवून हातभर उचला. पाच मोजा, हळूच खाली. धप्पकन टाकू नका. खाली आणताना जी ताकद लागते तीच धाबं उतरताना कामी येते. दहा वेळा, दोन्ही पायांनी. पहिल्या दिवशी पाचच झाले तरी चालेल. मग डाव्या कुशीवर वळून उजवा पाय वर उचला, पाऊल समोर बघत राहील असं. याने कमरेच्या बाजूचे स्नायू घट्ट होतात, आणि चालताना गुडघा आत झुकत नाही. हा व्यायाम लोक गाळतात. तुम्ही गाळू नका.

पंधरा दिवसांनी, पाय उचलणं सोपं वाटायला लागलं की, एका कापडी पिशवीत अर्धा किलो ज्वारी भरा, शिवून टाका आणि घोट्याला बांधा. पुढच्या पंधरवड्यात पाऊण किलो, मग एक. बायका इथेच थांबतात. रोज तेच दहा वेळा, तोच पाय, वर्षभर. स्नायूला वाढवायचं तर भार वाढवावा लागतो, बैलाला कोवळेपणी हळूहळू जुंपतात तसा.

तिसरा प्रकार खुर्चीचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात उपयोगाचा. भिंतीला टेकवून ठेवलेली, न हलणारी उंच खुर्ची घ्या. जरूर तर वर गोधडीची घडी टाका. हात छातीवर बांधा, पुढे झुका, टाचांवर जोर देऊन उभ्या राहा. मग तितक्याच सावकाश खाली बसा. आठ-दहा वेळा. जमायला लागलं की गोधडीची एक घडी कमी करा. उठणं, बसणं, संडासातून उठणं, बसमध्ये चढणं, हे सगळं याच ताकदीवर चालतं.

दुखेल का? थोडं दुखेल. त्याला घाबरून थांबलात तर पुन्हा तिथेच. माझा नियम असा: शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, असं धरलं तर व्यायाम करताना चारपर्यंतचं दुखणं चालतं. बघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. गुडघा रोजच्यासारखाच असेल तर कालचं प्रमाण बरोबर होतं. जास्त दुखत असेल, सुजला असेल, तर काल जास्त झालं. दोन दिवस निम्मं करा, पंधरा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पण बंद करू नका. सूज नसलेल्या साध्या आखडण्याला गरम पाण्याची पिशवी बरी. सहा आठवडे धीर धरा. खरा फरक बारा आठवड्यांत कळतो.

चालणं वेगळं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, सपाट वाटेवर. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. झिजलेल्या टाचेच्या स्लिपर टाकून द्या; मऊ तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या सँडल घ्या किंवा सरळ मुलासारखे बूट घाला, लुगड्यावर बूट कसे दिसतात याचा विचार करू नका. माघानंतर ऊन चढायला लागलं की सूर्य उगवायच्या आधीच फिरून या. आणि जिना: चढताना बरा, उतरताना दुखरा. म्हणजे चढताना डावा पाय आधी वर, उतरताना उजवा पाय आधी खाली, हात कठड्यावर. धाब्यावर जायला कठडा नसलेली लाकडी शिडी असेल तर मात्र मिरच्या-पापड वाळत घालायला तुम्ही चढू नका. ते काम धाकट्यांना द्या. काठी घ्यायची वेळ आलीच, तर उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी डाव्या हातात.

शेत सोडायचं का? नाही. वेचणी उभ्याने, वाकून होते, ती तुम्ही करू शकता. कमरेच्या झोळीत कापूस साठू देऊ नका, दोन-अडीच किलो झाला की ओता. पहिल्या आठवड्यात एक तास, मग दोन. गुडघ्याला खरी जड जाते ती निंदणी, तासन् तास उकिडवं बसून. ती यंदा लांब दांड्याच्या अवजाराने उभ्यानेच करा, नाहीतर दुसऱ्यावर सोपवा. घरातही तेच. ‘खाली बसूच नका’ हे तुम्हाला सांगितलं, ते मला पूर्ण पटत नाही. पंगतीला, पूजेला दहा-पंधरा मिनिटं मांडी घातली आणि दुखलं नाही, तर घाला. पण बिबडे-पापड लाटायला किंवा खापरावरचे मांडे करायला दोन-दोन तास एकाच बैठकीत बसणं सोडा. मांडे करायचेच तर उंच पाट घ्या, एक पाय लांब ठेवा, अर्ध्या तासाने उठून अंगणात चार फेऱ्या मारा. संडासावर ठेवायची खुर्ची मिळते, ती लगेच घ्या, आणि भिंतीला एक लोखंडी दांडा बसवून घ्या. रोजच्या किती वेदना या दोन वस्तूंनी वाचतात ते एकदा बसवल्यावर कळेल. यात कमीपणा काही नाही.

वजन. अंगावरचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोच्या आसपास कमी होतो. म्हणजे तुमचे वाढलेले चार किलो गेले तर पावलागणिक सोळा किलो. घरात पंधरा किलोचा तेलाचा डबा येतो ना, तो रोज प्रत्येक पावलाला गुडघ्यावरून उतरवून ठेवल्यासारखं. आधी हे चार किलो. मग वर्षभरात आणखी चार. ७८ वरून ७० ला आलात, म्हणजे दहावा हिस्सा कमी केलात, आणि व्यायाम चालू असला, तर दुखण्यात पडणारा फरक मोठा असतो.

वांगं सोडू नका. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण त्यालाच गुडघ्यांचा गुन्हेगार ठरवतो. वांगं, दही किंवा भात खाल्ल्याने गुडघ्याची झीज वाढते याला आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होत असेल तर तेवढा टाळा. बाकी घरच्यांच्या धाकाने काही सोडायची गरज नाही. बडगीत ठेचलेल्या भरितात बघायचं ते वरून ओतलेलं तेल. एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशे कॅलरी असतात. शेवभाजीत तळलेली शेव आणि वर तर्री, दोन्हीकडून तेल. ती महिन्यातून एक-दोनदा. कळण्याची भाकरी मात्र मनापासून खा: ज्वारीबरोबर उडीद असल्याने तिच्यात प्रथिनं चांगली असतात, आणि मांडी भरायला प्रथिनं लागतात. मुगाची, तुरीची दाट डाळ, मठाची उसळ, ताक, चालत असतील तर अंडी, यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत असू द्या. भाकरी तीनची दोन करा. आणि चहा. दिवसातून सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर पन्नास-साठ ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते. कप तीन करा, साखर अर्धी. पहिले आठ दिवस बेचव लागेल.

औषधांचं थोडक्यात सांगते. डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्यावर हलक्या हाताने लावा, दोन आठवडे नेमाने. गुडघा कातडीच्या जवळ असल्याने ते आतपर्यंत पोचतं आणि पोटाला त्रास कमी. पण तुम्हाला रक्तदाब आहे, आणि त्या पावडरीत काय होतं ते ठाऊक नाही, म्हणून जेलसुद्धा आधी डॉक्टरांना विचारून. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून घेऊच नका. त्याने रक्तदाब वाढतो, जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. ग्लुकोसामाइनच्या महागड्या पुड्यांवर पैसे घालवू नका. डी जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी. झीज त्याने भरत नाही. गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. आत्ता त्याची वेळ नाही, आणि वारंवार घेणं कूर्चेलाच वाईट. दुर्बिणीने गुडघा ‘साफ’ करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. झिजेच्या दुखण्यात त्याचा फायदा होत नाही, हे २००२ सालीच एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात दिसलं होतं.

सुरतेच्या मुलाला सांगा, त्याची कळकळ मला कळते. पण सांधा बदलण्याचं ऑपरेशन शेवटच्या पायरीसाठी असतं: फट संपलेली आहे, रात्री दुखण्याने झोप नाही, व्यायाम, वजन, औषध सगळं नीट करूनही चार पावलं चालवत नाही. त्या माणसाला ते ऑपरेशन नवं आयुष्य देतं. कृत्रिम सांधे बहुतेकदा वीस वर्षांहून अधिक टिकतात. मात्र ५३ व्या वर्षी बसवला तर आयुष्यात तो दुसऱ्यांदा बदलावा लागण्याची शक्यता म्हातारपणी बसवलेल्यापेक्षा बरीच जास्त. दुसऱ्या पायरीवर हा विषयच नको. त्याला पैसे खर्चायचेच असतील तर संडासाची खुर्ची, चांगले बूट आणि महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जायचं भाडं, एवढं त्याने करावं.

आणि नवस. चैत्र पौर्णिमेला खान्देशातून गडाकडे निघालेल्या पायदिंड्या मी लहानपणापासून बघते. त्यात चालणाऱ्या बाईला ‘गाडीने जा’ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. तरी सांगते, यंदा रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर नकोत. दोन महिने बसलेल्या मांडीला चार महिन्यांत तेवढं झेपणार नाही, आणि मधेच गुडघा सुजला तर भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसावं लागेल. पण चालायचं नाही असंही नाही. आजपासून लागलात तर फाल्गुनापर्यंत रोज तीस-चाळीस मिनिटं चालता यावं. मग दिंडीबरोबर निघा, रोज पहाटेचा एक सपाट टप्पा, तीन-चार किलोमीटर, सगळ्यांबरोबर चाला आणि पुढचं गाडीत बसा. घाट गाडीने. गडावर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो, गुडघा धरतो तो उतरताना. तिथे आता रुळांवरून जाणारी ट्रॉली आहे, तिने वर जा, तिनेच खाली या. आईच्या पायाशी पोचल्यावर नवस फिटला की नाही ते तुमचं आणि तिचं. पुढच्या चैत्रात सबंध वाट चालायची की नाही, ते पुढच्या दिवाळीला ठरवू.

आजच एक करा. भिंतीला टेकवलेल्या त्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि नातवाला मोबाइलवर तीस सेकंद लावायला सांगा. तेवढ्यात तुम्ही किती वेळा पूर्ण उभ्या राहून बसता ते मोजा, आणि तो आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मला पत्राने कळवा, आणि पावडरीबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही.